पायथ्याखालच्या विटा

संपादकांचे पत्र आले तेव्हा श्रावण सरत आला होता. यंदाच्या अंकाचा विषय त्यांनी 'भार' एवढ्या एकाच शब्दात कळविला होता, आणि मी बहुधा कर्जाच्या, शेतसाऱ्याच्या किंवा कुटुंबाच्या भाराकडे वळेन या धास्तीने खाली 'शक्यतो शास्त्रीय' अशी पुस्ती जोडली होती. शास्त्रीय भार म्हटला की गुरुत्वाकर्षण आलेच. आणि जी गोष्ट जन्मापासून मरणापर्यंत क्षणभरही आपली पाठ सोडीत नाही तिचे कार्य समजून घ्यावयाचे, तर ती काढून घेतल्यावर काय होते हे पाहण्यावाचून गत्यंतर नसते. पृथ्वीभोवती चारशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अंतराळस्थानकात माणसे महिनोन्‌महिने भाररहित अवस्थेत राहतात हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. (तेथे गुरुत्वाकर्षण नसते हा समज मात्र खरा नव्हे. जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के ते तेथेही असते. परंतु स्थानक आणि त्यातला माणूस दोघेही एकाच गतीने पृथ्वीभोवती अखंड पडत असल्यामुळे पायाखाली टेकू असा उरत नाही आणि भार जाणवत नाही.) पण तेथे एका वेळी राहणारी माणसे थोडी, त्यांच्यामागे कामांचा ससेमिरा मोठा, आणि देहाच्या सूक्ष्म परीक्षेची यंत्रे वर नेणे खर्चाचे, म्हणून शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी भाररहित अवस्थेची नक्कल जमिनीवरच उभी करण्याची तजवीज केली. त्या नकलेचे मुख्य साधन म्हणजे खाट. पायथा किंचित उचललेली एक साधी खाट.

तशी खाट मी पाहिली ती झरीत. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. दोन्ही अंगांना काळी जमीन, हाताशी आलेले सोयाबीन, बोंडांवर आलेली कपाशी, मधूनमधून तुरीची पाटी. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण या जिल्ह्यात अभिमानाने आणि उपहासाने सारख्याच प्रमाणात उच्चारली जाते, आणि तिच्या उगमाविषयी जितकी तोंडे तितक्या कथा ऐकावयास मिळतात. माझ्या या लेखापुरती मात्र ती अक्षरशः खरी ठरावी असा योग आहे, कारण जी गोष्ट जर्मनीतल्या कोलोन शहरी लाखो रुपये मोजून घडवून आणली जाते ती झरीत दोन विटांच्या आधारावर विनामूल्य चाललेली होती.

साडेसात इंच

गावच्या आरोग्य-कार्यकर्त्या आशाताईंच्या सोबतीने ज्या घरी गेलो तेथील वृद्ध गृहस्थ ऐंशीच्या घरातले. मृगाच्या पावसात अंगणातल्या ओल्या फरशीवर पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. वय, मधुमेह आणि खर्च या तिन्हींचा विचार होऊन शस्त्रक्रियेऐवजी पायाला वजन लावून पडून राहण्याचा मार्ग पत्करला गेला. पायाला लावलेले वजन रोग्याला हळूहळू पायथ्याकडे ओढू लागते, त्याला आपल्याच अंगाच्या भाराने अटकाव व्हावा म्हणून खाटेचा पायथा उचलून ठेवण्याचा रिवाज आहे, आणि खेड्यापाड्यांतून हे काम विटाच करतात. यथावकाश वजन उतरले. विटा राहिल्या.

"वजन काढलं, पर विटा राहू दिल्या," सूनबाई म्हणाल्या. "पाय खाली सोडले की मामांचे पाय सुजतेत. वर असले की उतरतेत."

लोखंडी खाटेच्या पायथ्याकडील प्रत्येक पायाखाली दोन विटा आणि त्यांवर शहाबादी फरशीचा तुकडा होता. घरात शिवणकामाची टेप होती, ती मागून घेऊन मोजले तर उंची साडेसात इंच आणि खाटेची लांबी सहा फूट भरली. सहा फुटांवर साडेसात इंच म्हणजे समतलाशी सहा अंशांचा उतार. आणि भाररहित अवस्थेची नक्कल करणाऱ्या जगातल्या यच्चयावत्‌ प्रयोगशाळांनी प्रमाण म्हणून स्वीकारलेला कोनही नेमका हाच आहे. त्या घरात कोन मोजण्याचे कोणाला कारण पडले नव्हते. घरात फरशीचा तुकडा हाताशी होता म्हणून तो ठेवला गेला इतकेच.

प्रयोगशाळांनी हा कोन कोठून घेतला त्याची कथा रशियात घडली. १९७० साली निकोलायेव आणि सेवास्त्यानोव हे दोन अंतराळवीर सोयुझ-९ या यानातून अठरा दिवसांनी परतले तेव्हा त्यांना धड उभे राहता येईना, आणि मॉस्कोच्या वैद्यकीय संशोधकांच्या मनात या प्रश्नाने ठाण मांडले. परतलेल्या अंतराळवीरांना सपाट बिछान्यावर निजविले असता आपण पायांकडे घसरत आहोत असा भास होई, आणि पायथा थोडा उचलला म्हणजेच त्यांना समतल वाटे. या तक्रारीतून निरनिराळ्या उतारांची परीक्षा सुरू झाली. उतार फार मोठा केला तर निरोगी माणसाला तो अनेक दिवस सोसवत नाही, आणि मुळीच न केला तर अंतराळात दिसणारी लक्षणे पुरेशी उमटत नाहीत. या दोहोंच्या मध्ये तडजोड म्हणून सहा अंश कायम झाले.

पाण्याची पाळी

उभ्या माणसाच्या देहात रक्ताचा एक स्तंभ उभा असतो, आणि प्रत्येक स्तंभाप्रमाणे त्याचा दाब वर कमी आणि खाली जास्त असतो. हृदयापाशी धमन्यांतील सरासरी दाब पाऱ्याच्या शंभर मिलिमीटरांच्या आसपास धरला, तर डोक्यात तो सत्तरीपर्यंत उतरतो आणि घोट्यापाशी एकशे ऐंशीच्या पुढे चढतो. निजल्यावर हा भेद जवळजवळ मावळतो. अंतराळात तो कोणत्याही स्थितीत नसतोच. म्हणून तेथे पायांतील एक ते दोन लिटर द्रव वर सरकतो, चेहरा फुगतो, पिंढऱ्या काटकुळ्या होतात, नाक चोंदल्यासारखे वाटते. मोठ्या रक्तवाहिन्यांत काय घडते त्याचा हा स्थूल हिशेब झाला. खरा व्यवहार मात्र त्यांच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या वाहिन्यांत होतो.

जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पाण्याची पाळी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. मुख्य कालवा कितीही भरून वाहो, पीक जगते ते सरीतल्या पाण्यावर. आणि सरीत पाणी केव्हा व किती यावे हे ठरते चारीच्या दारावर. सगळी दारे एकाच वेळी उघडली तर टेलच्या शेतकऱ्याला थेंबही मिळत नाही, म्हणून पाळ्या लागतात आणि रात्री-अपरात्री कोणीतरी दारे धरावयास जातो. देहातही मोठ्या धमन्यांना फुटलेल्या बारीक धमनिकांच्या भिंतींत स्नायूंची वर्तुळे असतात; ती आवळली की पुढच्या केशवाहिन्यांकडे जाणारे रक्त थांबते आणि सैलावली की सुटते. केशवाहिनी तर इतकी अरुंद, की एक सहस्रांश मिलिमीटर हे माप धरले तर तिची रुंदी पाच ते दहा भरते आणि तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ. त्यामुळे कित्येक ठिकाणी पेशीला अंग दुमडून, एकामागे एक, असेच जावे लागते. १६२८ मध्ये हार्वेने रक्त फिरते असे सिद्ध केले तेव्हा धमनीतून शिरेत ते जाते कोणत्या वाटेने हे त्याला दाखविता आले नव्हते. ती वाट १६६१ मध्ये माल्पीगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. विश्रांतीत असलेल्या स्नायूत थोड्याच केशवाहिन्यांतून रक्त खेळते आणि श्रम सुरू होताच अधिक खुल्या होतात, हे प्रतिपादन करणाऱ्या डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता उभे राहण्याचा या बंदोबस्ताशी संबंध असा. पाय खाली लोंबू लागले की पायांतील शिरांत रक्त साठते, तेथला दाब वाढतो, आणि त्या दाबाची वर्दी लागताच त्याच भागातल्या धमनिका आपोआप आवळतात. पायाच्या त्वचेतला प्रवाह बराच घटतो आणि नाजूक केशवाहिन्यांवर येऊ घातलेला भार अडविला जातो. हा आपोआप चालणारा अटकाव नसता तर दिवसभर कपाशी वेचणाऱ्या बाईचे पाय संध्याकाळपर्यंत घागरीएवढे झाले असते. पिंढरीचे स्नायू हालचालीबरोबर शिरांतले रक्त वर ढकलतात, हे दुसरे साहाय्य. झरीच्या त्या वृद्धांच्या बाबतीत दोन्ही लंगडी पडली होती: पिंढरीला काम नव्हते, आणि दीर्घ मधुमेहाने नसा बिघडल्या म्हणजे धमनिकांचा हा अटकावही दुर्बल होतो. सूनबाईंचे निरीक्षण अचूक होते. पाय सोडले की सूज, उचलले की उतार. पण उचललेल्या पायाने धमनिकांची उरलीसुरली सवय मोडत होती, ही त्या उपायाची न दिसणारी किंमत.

ओठातला दाब

केशवाहिनीतला दाब प्रत्यक्ष मोजणे हा विलक्षण कौशल्याचा भाग आहे. केसाहून बारीक काचेची नळी सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाहिनीत खुपसावी लागते. अमेरिकेतील युजीन लँडिस यांनी १९३० मध्ये माणसाच्या नखालगतच्या त्वचेत हे साधले, आणि केशवाहिनीच्या धमनीकडल्या तोंडाशी सरासरी बत्तीस मिलिमीटर दाब नोंदविला. हा बत्तीसचा आकडा पुढे एका निराळ्याच संदर्भात भेटणार आहे.

१९९१ मध्ये स्कॉट पॅराझिन्स्की आणि ॲलन हार्गेन्स यांच्या चमूने निरोगी पुरुषांना सहा अंशांच्या उतारावर आठ तास निजवून त्यांच्या खालच्या ओठातल्या केशवाहिन्यांचा दाब मोजला. तो २७.७ वरून ३३.९ वर गेला. सहा मिलिमीटरांची वाढ ऐकावयास किरकोळ वाटते. परंतु केशवाहिनीच्या भिंतीतून पाणी बाहेर पाझरते की आत ओढले जाते हे आतला दाब आणि रक्तातील प्रथिनांची ओढ यांच्या नाजूक समतोलावर ठरते, आणि हा समतोल स्टार्लिंग यांनी १८९६ मध्येच मांडला होता. पायांतल्या केशवाहिन्यांना असल्या चढउतारांची आयुष्यभर सवय असते. ओठ, पापण्या आणि कपाळ यांतल्या वाहिन्यांना ती कधी लागलेलीच नसते, कारण निसर्गाने डोके नेहमी हृदयाच्या वर किंवा फार तर बरोबरीला धरलेले असते. म्हणून पाणी पाझरते आणि चेहरा फुगतो. हा प्रयोग करणारे पॅराझिन्स्की पुढे स्वतः अंतराळवीर होऊन पाच वेळा वर गेले. आपल्याच शोधनिबंधातला फुगलेला चेहरा आपल्याच आरशात पाहण्याचे भाग्य फारच थोड्या संशोधकांच्या वाट्यास येत असेल.

"सकाळी मामांचं तोंड सुजल्यावाणी दिसतं," असे सूनबाईंनी आपण होऊन सांगितले तेव्हा आशाताईंनी लघवीच्या तपासणीची चिठ्ठी दाखविली. ऐंशीच्या वयात चेहऱ्याची सूज मूत्रपिंडाच्या दोषानेही येते, आणि तो निकाल लागेपर्यंत तिचे सगळे श्रेय विटांना देणे योग्य झाले नसते. निकाल नंतर चांगला आला.

निजण्याची नोकरी

कोलोन येथे जर्मन अंतराळसंस्थेच्या वैद्यकीय केंद्रात २०१९ साली चोवीस स्त्री-पुरुषांना, दोन तुकड्यांत, साठ साठ दिवस याच उतारावर निजविले गेले. अमेरिकेची आणि युरोपची अंतराळसंस्था या उपक्रमात भागीदार होत्या. आधीची तयारी आणि नंतरची देखरेख धरून मुक्काम एकोणनव्वद दिवसांचा, आणि मोबदला साडेसोळा हजार युरो. जेवण, स्नान, मलमूत्रविसर्जन सर्व काही निजूनच; कूस बदलण्यास परवानगी, मात्र एक तरी खांदा सदैव गादीला टेकलेला असला पाहिजे असा दंडक. काहीजणांना दररोज अर्धा तास एका फिरत्या यंत्राच्या दांड्यावर, डोके मध्याकडे आणि पाय बाहेर, असे निजवून गरगर फिरवीत, म्हणजे केंद्रोत्सारी ओढीने पायांकडे कृत्रिम भार उत्पन्न होई. तेवढ्या अर्ध्या तासाने उरलेल्या साडेतेवीस तासांची हानी किती भरून निघते हा त्यातला मुख्य प्रश्न.

हा मोबदला रुपयांत सांगितल्यावर खाटेवरच्या वृद्धांनी प्रथमच संभाषणात रस घेतला. "निजायचे पैसे देतेत?" त्यांनी विचारले, आणि होकार मिळताच सुनेकडे पाहून म्हणाले, "मग माझे कुठं अडलेत?"

आपल्याकडे बंगळूर येथे वायुदलाची वैमानिकी व अंतराळवैद्यक संस्था १९५७ पासून आहे. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोयुझमधून गेले तेव्हा भाररहित अवस्थेत योगासनांचा उपयोग होतो काय याची परीक्षा त्यांच्याकडून झाली, आणि २०२५ च्या जून-जुलैत शुभांशू शुक्ला अंतराळस्थानकात राहून आले. मधल्या काळात बंगळूरच्या संस्थेत डोक्याकडे उतार असलेल्या खाटेचे आणि शुष्क निमज्जनाचे प्रयोग होत आले आहेत. शुष्क निमज्जन हा प्रकार मूळ मॉस्कोचा, आणि खाटेहून अधिक चमत्कारिक. कोमट पाण्याच्या हौदावर जलाभेद्य कापड सैल पसरतात, त्यावर माणूस निजतो आणि कापडासकट पाण्यात बुडतो. अंगाला पाणी लागत नाही, पण शरीराच्या कोणत्याही एका बिंदूला टेकू उरत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ निरोगी पुरुष सात दिवस असे राहिले. सात दिवसांतच त्यांच्या पिंढरीच्या त्वचेतल्या बारीक वाहिन्यांची रुंदावण्याची शक्ती घटली, आणि त्या वाहिन्यांच्या अस्तराचे सूक्ष्म तुकडे रक्तात अधिक सापडू लागले.

अस्तराची रोजी

अस्तर म्हटले ते काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सर्व प्रकरणाचे मर्म तेथे आहे. मोठ्या धमनीपासून केशवाहिनीपर्यंत प्रत्येक वाहिनीला आतून एकाच थराच्या सपाट पेशींचे अस्तर असते. केशवाहिनीच्या बाबतीत तर या अस्तरापलीकडे फारसे काहीच नसते. ही केवळ निष्क्रिय गुळगुळीत भिंत आहे असा समज पुष्कळ काळ होता. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखविले की ॲसिटिलकोलीन हे द्रव्य लावल्यावर वाहिनी सैलावते ती अस्तर शाबूत असेल तरच. अस्तर खरवडून काढले की तीच वाहिनी सैलावत नाही. अस्तरातून निघून स्नायूला सैल होण्याचा निरोप देणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे पुढे निष्पन्न झाले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक त्या कामाला मिळाले. अस्तर हा वायू मुख्यतः केव्हा निर्माण करते, तर रक्त वेगाने वाहून त्याच्या अंगाला घासते तेव्हा. चालणे, चढणे, ओझे उचलणे, पुन्हा बसून उठणे, या प्रत्येक कृतीत प्रवाह कमी-जास्त होतो आणि अस्तराला घर्षणाची ही रोजी मिळते. खाटेवरच्या माणसाच्या पायांत रक्त वाहते, पण मंद आणि एकसुरी. रोजी बंद होते.

यावरून बारीक वाहिन्यांची परीक्षा करण्याची एक सुरेख रीत निघाली. त्वचेवर ॲसिटिलकोलीनचा थेंब ठेवून अगदी क्षीण विद्युत्‌प्रवाहाने ते आत ढकलावयाचे, आणि वरून लेसरचा किरण सोडून, परतणाऱ्या प्रकाशाच्या फरकावरून खाली धावणाऱ्या तांबड्या पेशींचा वेग ताडावयाचा. सुई नाही, जखम नाही. २००५ मध्ये फ्रान्सच्या तुलूझ शहरी चोवीस स्त्रियांना साठ दिवस निजविण्यात आले, तेव्हा ही परीक्षा छप्पन्नाव्या दिवशी झाली. तोपर्यंतचे असले बहुतेक प्रयोग पुरुषांवर झाले होते, हे नमूद करण्याजोगे आहे. झरीच्या घरात रोग्याची कूस कोण बदलते हे पाहिलेल्या माणसाला ते विशेष जाणवते. ज्या स्त्रिया नुसत्या पडून राहिल्या त्यांच्या त्वचेतल्या बारीक वाहिन्यांचा ॲसिटिलकोलीनला मिळणारा प्रतिसाद घटला होता, आणि अस्तरापासून सुटलेल्या अख्ख्या पेशी त्यांच्या रक्तात वाढल्या होत्या. ज्यांना निजलेल्या स्थितीतच व्यायाम दिला गेला त्यांच्यात असे झाले नाही. व्यायामाची योजनाही ध्यानात घेण्यासारखी होती: कमरेखालचा देह एका हवाबंद पेटीत घालून आतली हवा थोडी कमी करीत, म्हणजे रक्त पायांकडे ओढले जाई, आणि त्याच अवस्थेत उभ्या लावलेल्या फिरत्या पट्ट्यावर त्यांना धावावयास लावीत. थोडक्यात, गुरुत्वाकर्षण काढून घेऊन जे हिरावले ते शोषणाच्या पंपाने हप्त्याहप्त्याने परत करीत.

बत्तीस

येथपर्यंत झरीची खाट आणि तुलूझची खाट यांच्यात मी भेद केला नाही, पण तो आहे, आणि तो जीवघेणा आहे. प्रयोगशाळेची खाट भाराची एकच दिशा काढून घेते, डोक्यापासून पायांकडची. छातीपासून पाठीकडची दिशा तशीच राहते. देह गादीवर दाबला जातोच. अंतराळात हा दाबही नसतो, आणि तेथे महिनोन्‌महिने राहिलेल्यांच्या तळपायाची जाड कातडी सोलून गळून पडते ती त्यामुळेच. शुष्क निमज्जनात तो सर्वांगावर सारखा पसरतो. निरोगी तरुण स्वयंसेवक झोपेतसुद्धा कूस बदलतो, म्हणून त्याला तो बाधत नाही. परंतु मोडक्या खुब्याचा, बधिर झालेल्या कातडीचा वृद्ध कूस बदलत नाही. माकडहाड, टाचा आणि खुबे यांच्याखालील त्वचेवर लँडिस यांच्या बत्तीस मिलिमीटरांहून कितीतरी अधिक दाब तासन्‌तास राहतो, केशवाहिन्या मिटतात, आणि ज्या भागाला रक्त नाही तो भाग मरतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला पडणाऱ्या जखमांची ही जन्मकथा आहे. (बत्तीस हा काही ब्रह्मलिखित आकडा नव्हे, वृद्धाच्या, मधुमेह्याच्या किंवा रक्तदाब उतरलेल्या माणसाच्या केशवाहिन्या त्याहून कमी दाबालाही मिटतात.) डोके खाली केल्याने अंगाचा भार पाठीच्या वरच्या भागाकडे सरकतो आणि देह खांद्यांकडे घसरून कातडी ताणली जाते, हा आणखी एक उपद्रव.

आशाताईंनी सूनबाईंना एक परीक्षा शिकविली होती, आणि तिच्यासमोर लेसरचे यंत्र मला फारसे श्रेष्ठ वाटले नाही. माकडहाडावरचा लाल डाग बोटाने दाबावयाचा. बोट उचलल्यावर जागा क्षणभर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर केशवाहिन्या अद्याप उघडझाप करीत आहेत. लालच राहिली, पांढरी झालीच नाही, तर रक्त वाहिन्यांबाहेर झिरपले आहे आणि नुकसान सुरू झाले आहे. सूनबाई हे दिवसातून दोनदा करीत. दर दोन तासांनी कूस बदलण्याचे वेळापत्रक त्यांनी मुलाच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहून भिंतीला लावले होते. रात्रीच्या दोन पाळ्या त्यांच्या, दोन नवऱ्याच्या. रात्री शेतात दारे धरावयास जाणाऱ्याला पाळ्यांचे काही विशेष वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मी ते तितक्या सहजतेने मान्य करू शकत नाही. सरकारदरबारी या रात्रपाळीची नोंद कोठेच होत नाही.

उभे राहण्याची परीक्षा

अंतराळातून परतलेल्यांचा सर्वांत परिचित दोष म्हणजे उभे राहताच घेरी येणे. नऊ ते चौदा दिवसांच्या उड्डाणांनंतर चौदा अंतराळवीरांना दहा मिनिटे नुसते उभे राहण्यास सांगितले असता नऊजणांना ते पुरे करता आले नाही, हे बकी यांच्या चमूने १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. हृदयातून पडणाऱ्या रक्ताचे मान उरलेल्यांतही जवळजवळ तितकेच घटले होते. भेद होता तो धमनिकांत. ज्यांच्या धमनिका अधिक जोराने आवळल्या ते उभे राहिले. दारे मिटली नाहीत तर रक्त खालीच उतरून जाते आणि मेंदू उपाशी राहतो.

१९६६ मध्ये डॅलस येथे पाच तरुणांना तीन आठवडे सपाट निजवून ठेवले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासले, तर तीस वर्षांच्या वार्धक्यानेही त्यांचे तेवढे नुकसान केले नव्हते. हा निष्कर्ष ठाऊक असूनही 'सक्त विश्रांती' हे शब्द चिठ्ठीवर किती सढळ हाताने लिहिले जातात! मोडलेल्या हाडाला स्थैर्य हवे, हे खरे. पण हाडाला लिहून दिलेली विश्रांती धमनिकांनाही भोगावी लागते, आणि ती केव्हा संपवावयाची याची तारीख कोणी लिहीत नाही. विटा राहिल्या त्या अशा.

परभणीहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या तरुण फिजिओथेरपिस्टने प्रथम त्याच काढावयास लावल्या, आणि घरच्यांच्या आश्चर्याचा भाग म्हणजे, त्याच विटा उशाकडील पायांखाली ठेवावयास सांगितल्या. रात्रभर डोके थोडे उंच राहिले की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात, रक्ताचे आकारमान थोडे वाढते आणि उठल्यावर घेरी कमी येते. उभे राहताच रक्तदाब कोसळणाऱ्या रोग्यांना हा उपाय जगभर सांगितला जातो. दिवसा मात्र टप्प्याटप्प्याने: आधी पाठीला टेकू देऊन बसविणे, मग खाटेच्या कडेला पाय सोडून काही मिनिटे, घोटे वरखाली हलवीत, सूज येऊ लागली की पाय वर, आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली. पहिल्या दिवशी वृद्धांचे डोळे फिरले आणि त्यांनी सगळ्यांना शिव्या घातल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी पाय सोडून बसल्या बसल्या चहा घेतला.

पासष्टी

मॉन्ट्रियलमध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या रुग्णालयाशी संलग्न संशोधनसंस्थेत अलीकडे ५५ ते ६५ वर्षे वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांना चौदा दिवस सहा अंशांच्या उतारावर निजविण्याचा प्रयोग झाला, आणि त्यांपैकी काहींना निजूनच करावयाचा व्यायाम रोज दिला गेला. कॅनडाच्या अंतराळसंस्थेने तो हाती घेतला त्यामागे अंतराळवीरांइतकीच रुग्णालयांतल्या वृद्धांची चिंता होती. पन्नास वर्षे तरुणांना निजवून मिळविलेली विद्या वृद्धांकडे वळली हे योग्यच झाले. परंतु पासष्टीपर्यंतचा, मधुमेह नसलेला, हाड न मोडलेला वृद्ध हा झरीच्या मोजमापाने अद्याप कामाचा गडी ठरतो. सूनबाईंचे सासरे त्या यादीत कोठेच बसत नाहीत, आणि त्यांच्या धमनिका किती सावरतील याचे भाकीत त्या चौदा दिवसांवरून करणे धाडसाचे होईल.

हा मजकूर छापावयास जात असताना आशाताईंचा फोन आला. वृद्ध गृहस्थ आता धरून उभे राहतात, दोन्ही बाजूंनी मुलगा आणि नातू लागतात. वॉकर शेजारच्या गल्लीतून उसना मिळाला आहे, पण त्याच्या एका पायाचे रबर झिजून लोखंड उघडे पडले आहे; ते बदलल्याशिवाय पाऊल टाकू द्यावयाचे नाही असे त्यांनी घरच्यांना बजावले आहे, आणि त्या मापाचे रबर परभणीत कोणत्या दुकानी मिळेल हे त्या मलाच विचारीत होत्या.